पायमोजे काढण्याची वेळ

आत्याकडच्या सत्यनारायणाला मी ऑफिसातून थेट गेलो, हीच मुळात चूक झाली. जुलै महिना, सकाळी आठपासून पायांत नायलॉनचे मोजे, वर कातडी बूट; दारातला चपलांचा ढीग पाहताच पोटात गोळा आला. पाय धुवावेत म्हटले, तर मोरी घराच्या दुसऱ्या टोकाला आणि वाट पाहुण्यांच्या मधून. मोजे बुटांत कोंबून मी सतरंजीच्या कडेला मांडी ठोकली, तोच शेजारच्या काकांनी उदबत्तीचे घर अलगद माझ्याकडे सरकवले.

अन्याय असा, की घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात आणि त्यांतून पाझरते ते बहुतांशी मीठपाणीच. पण त्यात किंचित ल्युसिन नावाचे अमिनो आम्लही असते. त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हे जिवाणू त्यावर ताव मारतात आणि मागे आयसोव्हॅलेरिक आम्ल ठेवतात. उदबत्तीला न जुमानणारा तो आंबूस वास त्याचाच. बंद बुटातली ऊब आणि ओल म्हणजे या मंडळींना घरबसल्या मेजवानी. त्यांच्या पंगतीला ब्रेव्हिबॅक्टेरियमही बसतात. ते मृत त्वचेवर जगतात आणि गंधकयुक्त वायू सोडतात. याच कुळातले जिवाणू लिंबर्गर चीजला त्याचा दर्प देतात. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनाफिलीस गॅम्बी डासाची मादी पायांच्या वासाकडे आणि लिंबर्गरकडे सारख्याच ओढीने जाते, हे दाखवल्याबद्दल बार्ट नोल्स आणि रुर्ड डी याँग यांना २००६ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. आत्याकडचा डास त्या आफ्रिकी घराण्यातला नसावा, पण कथेचा तिसरा अध्याय संपेपर्यंत त्याने माझा घोटा सोडला नाही आणि मांडी मोडून त्याला हाकलण्याची माझी छाती झाली नाही.

या विषयात आपणही मागे नाही. वासाच्या बुटांमुळे शू-रॅक वापरणाऱ्याची काय दशा होते, याचा अभियांत्रिकीच्या अंगाने विचार करून विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांनी २०२५ चे इग नोबेल मिळवले; जिवाणू मारायला त्यांनी रॅकमध्ये अतिनील दिवा बसवला होता. आत्याकडे असा दिवा नव्हता. माझे बूट मात्र केव्हाच जिन्यात गेले होते.

निघताना तिने शिऱ्याच्या पुड्याबरोबर कागदात गुंडाळलेला एक पांढरा खडा हातात ठेवला आणि हळूच म्हणाली, “रात्री लागेल तुला.” खडीसाखर समजून मी तो लोकलमध्ये तोंडात टाकला. तुरटी होती.