चौथ्या रांगेतलं व्हायोलिन

हंट्सव्हिलहून ७२ नंबरच्या रस्त्यानं पश्चिमेला निघालं की सव्वा तासात मसल शोल्स येतं. वाटेत कापसाची शेतं लागतात. ऑक्टोबरात बोंडं फुटली की अकोल्याहून आलेले आमचे पाहुणे गाडी थांबवायला लावतात आणि बांधावर उभं राहून झाडांची उंची बघतात. अकरा वर्षं मी अलाबामात राहतोय. घरचं कुणी आलं की रॉकेटांचं संग्रहालय दाखवून झाल्यावर मी त्यांना तिकडे नेतो, कारण टेनेसी नदीकाठच्या त्या गावात, जिथे साठच्या दशकात दहा हजारांचीही वस्ती नव्हती, अमेरिकेतलं बरंचसं सोल संगीत घडलं. सोल म्हणजे चर्चमधल्या गाण्याची आर्तता आणि ब्लूज या लोकसंगीताचा ठेका. गाणारे बहुतेक कृष्णवर्णीय. मागे वाजवणारे, इथे तरी, बरेचसे आसपासच्या खेड्यांतले गोरे तरुण.

हे आज लिहायचं कारण घरचा एक वाद. पुण्यात जुन्या भावगीतांचा कार्यक्रम होता. त्याची जाहिरात कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. चार गायकांचे फोटो, निवेदिकेचं नाव, प्रायोजकांची बोधचिन्हं आणि तळाशी एकच शब्द : 'वाद्यवृंदासह'. माझा मामेभाऊ त्यात कीबोर्ड वाजवणार होता. वहिनीनं लिहिलं, "सहा माणसं एका शब्दात बसवली." मग दोन तट पडले. एक म्हणत होता, नाव द्यायला काय पैसे पडतात? दुसऱ्या तटात खुद्द मामेभाऊच होता. "नावानं पोट भरत नाही. पाकीट वेळेवर मिळालं की झालं."

माझे मामा ते सगळं वाचत होते, पण त्यांनी काही लिहिलं नाही. गिरगावातून व्हायोलिनची पेटी घेऊन त्यांनी वीस-बावीस वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगना हजेरी लावली. चौथ्या रांगेत बसायचे. तबकडीवर गायकाचं, संगीतकाराचं, गीतकाराचं नाव असायचं. मामांचं कुठेच नाही.

मसल शोल्सच्या गोष्टीतही ही चौथी रांग आहे. रिक हॉल यांनी फेम स्टुडिओ सुरू केला आणि १९६१ साली आर्थर अलेक्झांडर या तिथल्याच हॉटेलात सामान उचलणाऱ्या तरुणाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. ते चाललं. त्या पैशातून हॉल यांनी नवा स्टुडिओ बांधला, जो आजही उभा आहे. ज्याच्या गाण्यातून ही इमारत उभी राहिली, तो अलेक्झांडर पुढे कित्येक वर्षं क्लीव्हलंडमध्ये बस चालवत होता. १९९३ साली त्यानं पुन्हा अल्बम काढला आणि त्याच वर्षी तो गेला. हे सांगताना माझा आवाज दर वेळी अडखळतो.

जानेवारी १९६७ मध्ये गायिका अरीथा फ्रँकलिन फेममध्ये आल्या. एका गाण्याची चाल होती, शब्द होते, पण सुरुवात कशी करायची ते कुणाला सुचेना. स्वरलिपी समोर ठेवून वाजवायची इथे पद्धत नव्हती, सगळं तिथल्या तिथे बसवायचं. वादक चाचपडत होते. मग स्पूनर ओल्डहॅम यांच्या इलेक्ट्रिक पियानोवर एक तुकडा सापडला आणि बाकीचे त्यामागून आले. आज ते गाणं पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येतं ते त्या तुकड्यामुळे. गीतकार-संगीतकार म्हणून मात्र नाव रॉनी शॅनन यांचं आहे. तुकडा शोधणाऱ्याला त्या श्रेयात वाटा नाही. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "इंटरल्यूड कुणाचा, हे आम्हीसुद्धा कधी विचारलं नाही."

आपल्याकडची गोष्ट वेगळी होती का? मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये गोव्याचे ख्रिस्ती वादक, पारशी, मराठी असे सगळे एकाच माइकसमोर बसले आणि त्यातून एक आवाज तयार झाला. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन 'गाणारं व्हायोलिन' म्हणून मराठी घरांत पोहोचलं, पण असे अपवाद फार थोडे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्यानं १९७७ साली गुरूचं नाव एका गाण्यात आणलं. ते नाव देशभर झालं, पण लोकांना वाटलं ते पडद्यावरच्या नायकाचं. अलाबामातही १९७४ सालच्या एका लोकप्रिय रॉक गाण्यात 'स्वॅम्पर्स' असा उल्लेख येतो. ते म्हणजे बॅरी बेकेट, रॉजर हॉकिन्स, डेव्हिड हूड आणि जिमी जॉन्सन, मसल शोल्सचे चार वादक. पण हे चौघं शोधायचे झाले तर त्यांना पत्ता होता : ३६१४, जॅक्सन हायवे. १९६९ साली फेममधून बाहेर पडून त्यांनी शेजारच्या शेफील्डमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. त्या जागेत पूर्वी शवपेट्या विकत. त्याच वर्षी डिसेंबरात रोलिंग स्टोन्स हा रॉक बँड तिथे तीन दिवस ध्वनिमुद्रण करून गेला. वादक मालक झाले, म्हणून त्यांची स्वतःची पाटी लागली. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या वादकांकडे अशी पाटी नव्हती. त्यांची नावं अल्बमवर छापली जायला १९७१ साल उजाडलं.

या चौघांची गोष्ट सांगताना एक गोष्ट गाळली जाते, ती मी गाळणार नाही. १९६३ साली याच राज्याचा गव्हर्नर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. स्टुडिओच्या आत माणसं एकत्र वाजवत होती हे खरं आणि मोलाचं आहे. पण ज्या संगीतावर हा आवाज उभा राहिला ते ज्यांच्या चर्चमधून आलं, त्यांच्यासाठी बाहेरचा रस्ता तोच होता. पाहुण्यांना मी दोन्ही सांगतो.

आता मामेभावाच्या मुद्द्याकडे येतो. नावानं पोट भरत नाही, हे मलाही पटत होतं. मग मी कायदा वाचला. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. वादकही त्या व्याख्येत येतो. पण व्याख्येलाच एक परंतुक जोडलं आहे : सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीसकट कुठेच येत नाही, त्याला एका नैतिक हक्कापुरतं सोडलं तर कलाकार धरायचं नाही. चौथ्या रांगेतलं व्हायोलिन किरकोळ की कसं, हे न्यायालयानं ठरवावं. पण नाव गाळायची सवय कायद्याच्या भाषेत शिरली आहे. म्हणजे नाव हा निव्वळ मानाचा प्रश्न उरत नाही. पाकिटाचा रस्ताही तिथूनच जातो.

अमेरिकेनं हे फार चांगलं सोडवलंय असंही नाही. १९६६ सालचं पर्सी स्लेज यांचं गाणं माझ्या गाडीत एफएमवर लागतं तेव्हा गीतकारांना पैसे मिळतात. गायकाला नाही आणि ड्रम वाजवणाऱ्या रॉजर हॉकिन्सलाही नाही. इथल्या साध्या रेडिओवर तशी तरतूदच नाही. ऑनलाइन आणि उपग्रह रेडिओसाठी मात्र १९९५ साली कायदा झाला आणि त्यात वाटणी लिहूनच ठेवली आहे : ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, आणि ५ टक्के मागच्यांना, त्यात अडीच वादकांचे, अडीच साथीच्या गायकांचे. पाच टक्के थोडे आहेत. पण ते वाटायचे तर कोणी काय वाजवलं याची यादी लागते, आणि यादी करायची म्हणजे चौथ्या रांगेपर्यंत जाऊन विचारावं लागतं. मला हाच भाग आपल्याकडे हवा आहे.

मामेभावाला मी हे लिहिलं. त्यानं उलट विचारलं, "तुमच्या मंडळात गणपतीला गायक येतो, तेव्हा वादक किती येतात?" एकही नाही. विमानाचं तिकीट, व्हिसाचा खर्च; गायक ट्रॅक घेऊन येतो, लॅपटॉपवरून वाजवतो. बैठकीत त्याला मान्यता देऊन हात वर करणाऱ्यांत मीही होतो, दोन वर्षं लागोपाठ. यंदा मी वेगळं मांडलं : एक गायक कमी बोलवू, पण तबला आणि व्हायोलिन माणसानं वाजवलेलं असू दे, आणि पत्रिकेवर त्यांची नावं त्याच अक्षरांत. तीन घरांनी विरोध केला, खर्चाचे आकडे मांडून. निर्णय अजून झालेला नाही.

दरम्यान मामांशी दर रविवारी बोलणं होतं. त्यांची सकाळ, माझी शनिवारची रात्र. मी एक गाणं लावतो, ते थांबवायला सांगतात. "हा कट ऐकलास? तिसऱ्या रांगेतून आलाय." मग नाव सांगतात, गाव सांगतात, तो दादरला उतरायचा की चर्नी रोडला तेही सांगतात. मी वहीत लिहून घेतो. एका गाण्याची चौदा नावं झाली आहेत. सेलोवाल्याचं आडनाव त्यांना आठवत नाहीये. मामी म्हणतात, त्याच्या बहिणीचा फोन नंबर जुन्या डायरीत असेल, शोधून ठेवते.