खिशाला चाट न लावता रिसॉर्टवर दानशूर कसं व्हायचं

सुट्ट्यांचा सीझन आलाय, बुकिंगं झालीयेत, आणि दर वेळेप्रमाणे ग्रुपवर कोणीतरी भाबडेपणाने विचारलंय की "हॉटेलच्या लोकांना टिप किती द्यायची असते हो?" त्याखाली अनुभवी मंडळींनी ज्ञानाचा असा काही धबधबा सोडलाय की म्हटलं हे सगळं एका जागी लिहून ठेवावं, पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल. मी नुकतीच एका रिसॉर्टवरून आलेय, डोकं अजून गरम आहे, त्यामुळे माहिती ताजी आहे.

सगळ्यात आधी तत्त्व ठरवा. तत्त्व नसलं तर माणूस नुसता चिक्कू दिसतो, तत्त्व असलं की तोच माणूस विचारवंत दिसतो. टिप द्यायची वेळ आली की पहिला आठवायचा जपान. जपानमध्ये टिप देत नाहीत, टेबलावर ठेवून गेलात तर वेटर मागे पळत येऊन परत देतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते खरंही आहे. तुम्ही जपानच्या आसपासही नाही आहात ही किरकोळ बाब आहे, ती कोणी काढत नाही. तिथल्या जुन्या पद्धतीच्या सरायांमध्ये आपली खोली बघणाऱ्या बाईला पाकिटात नोट घालून द्यायची रीत आहे हे मात्र चुकूनही बोलू नका, चांगलं उदाहरण बिघडतं.

जपान संपला की अमेरिका. "पगार मालकाने द्यायचा, आम्ही का म्हणून?" हे जरा मोठ्याने म्हणायचं. मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, म्हणूनच तो इतका कामाला येतो. अमेरिकेत टिपवर काम करणाऱ्यांना मालकाने द्यायचा केंद्रीय किमान रोख पगार १९९१पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकून पडलाय, बाकीचं गिऱ्हाईक भरेल असं गृहीत धरलंय, आणि नाहीच भरलं तर फरक मालकाने द्यायचा असं कागदावर आहे. हे आकडे तोंडपाठ करा, ऐकवा, आणि मग पाकीट परत खिशात ठेवा, चेहरा असा की तुम्ही न दिलेल्या दोन डॉलरमुळे उद्या सकाळी मालक पगारवाढीची पत्रं वाटत फिरणार आहे. "ही प्रथाच कायद्याने बंद केली पाहिजे" म्हणणारे एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांना कृपया सांगू नका की वॉशिंग्टन राज्याने १९०९मध्ये खरंच बंदी घातली होती आणि १९१३मध्ये ती गुपचूप मागे घेतली. काकांचा हिरमोड होईल.

बिलात सर्व्हिस चार्ज लागला असेल तर मग काय, दिवाळीच. तो पैसा कामगारांपर्यंत जातो का, हे रिसेप्शनवर विचारायच्या भानगडीत पडू नका, न जाणो खरं उत्तर मिळायचं. टिपचे पैसे मालकाने स्वतःकडे ठेवायचे नाहीत, कामगारांनाच द्यायचे, एवढ्यासाठी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये कायदा करावा लागला आणि तो लागू झाला ऑक्टोबर २०२४मध्ये. कायदा करावा लागला म्हणजे आधी काय चालत असेल बघा. पण आपल्याला काय त्याचं.

ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये, म्हणजे राहणं-खाणं-पिणं सगळं एकाच भाड्यात धरलेल्या रिसॉर्टमध्ये, माणसंपण इन्क्लुझिव्ह असतात.

बारवाल्याला मात्र सढळ हाताने द्या. पहिल्याच संध्याकाळी द्या, सगळ्यांना दिसेल अशी द्या. मग तो तुम्हाला नावाने हाक मारतो, रांगेतून आधी बोलावतो, ग्लास काठोकाठ भरतो. संडास घासणारी बाई काय काठोकाठ भरणार?

पूलवाल्याला नोट सरकवून सावलीतल्या खुर्च्या अडवा आणि मग दिवसभर तिकडे फिरकू नका.

हाऊसकीपिंगवाल्यांचं "जाताना एकदम देऊ" असं ठरवून टाका. हा फार हुशार उपाय आहे कारण ड्यूट्या बदलत असतात. जिने तुमच्या मुलांनी कार्पेटवर सांडलेलं सरबत गुडघ्यावर बसून पुसलं, बेडवर रोज टॉवेलचे हंस करून ठेवले, तिची नेमकी शेवटच्या दिवशी सुट्टी असते आणि पाकीट मिळतं त्या दिवशी पहिल्यांदाच खोलीत आलेल्या दुसऱ्याच कोणालातरी. म्हणजे तुम्ही दिलंही आणि जिला द्यायचं तिला ते पोचलंही नाही. २०१४मध्ये मॅरिएट या हॉटेल कंपनीने अमेरिका-कॅनडातल्या खोल्यांमध्ये यासाठी पाकिटंच ठेवली होती, साफ करणाऱ्याचं नाव वगैरे घालून, म्हणजे पाहुण्याला आठवण राहावी. लोकांनी लगेच विचारलं की पाकिटं कसली वाटताय, पगार वाढवा. बरोबरच विचारलं. पण ते वाचून खूश झालेल्यांपैकी किती जणांनी पाकिटात काही घातलं असेल, याचा अंदाज मी आमच्या ग्रुपवरून बांधू शकते.

आता नाणी. परतायच्या आदल्या रात्री पर्स उलटी केली की तळातून नाणी निघतात, मधल्या एअरपोर्टवरची, मागच्या ट्रिपमधली, कुठली कुठली. ती सगळी उशीवर नीट रचून ठेवायची, जमल्यास बदामाच्या आकारात. बँका आणि मनी एक्स्चेंजवाले परदेशी नोटा बदलून देतात, नाणी बहुतेक कुठेच घेत नाहीत, त्यामुळे तुमच्या बदामाची तिथे किंमत शून्य. मग ती बाई काय करते, तर ज्या देशाचं नाणं त्या देशाकडे निघालेला पाहुणा शोधत फिरते की हे घ्या आणि मला एक नोट द्या. मला गाठलं ते लिफ्टशेजारी. आधी तिने कॉरिडॉरमध्ये दोन्हीकडे बघितलं, सुपरवायझर नाही ना, मग एप्रनच्या खिशातून शॉवर कॅप काढली, बाथरूममध्ये ठेवतात ती प्लॅस्टिकची, आणि तिच्यात नाणी होती, देशांप्रमाणे वेगवेगळ्या टिश्यूत गुंडाळलेली. एका पुडीवर पेनने प्रश्नचिन्ह काढलं होतं. ती उघडून मला विचारते, हे कुठलं? ते कुठलंच नव्हतं हो. सुपरमार्केटच्या ट्रॉलीत अडकवायचं प्लॅस्टिकचं टोकन होतं ते, वर गाजराचं चित्र. कोणीतरी ते टिप म्हणून ठेवून गेलं होतं आणि ती बाई ते जपून बाळगत होती, कधीतरी गाजराच्या देशाचा माणूस भेटेल म्हणून.

फाटक्या आणि चिकटपट्टी लावलेल्या डॉलरच्या नोटाही अशाच सांभाळून ठेवा. तुमच्याकडून कोणी घेईना म्हणूनच तर उरल्यात ना, मग द्या तिला, ती बघेल.

आणि आता भेटवस्तू, म्हणजे या सगळ्या शास्त्राचा कळस. "पैसे काय कोणीही देतं, आपण वस्तू द्यावी, त्यात आपुलकी असते." हा सल्ला मुळात आलाय कुठून तर क्युबासारख्या ठिकाणांहून, जिथे दुकानात साधा साबण आणि तापाची गोळी मिळायची मारामार, त्यामुळे तिकडे जाणारे लोक साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, पॅरासिटामॉल बॅगेत भरून नेतात आणि ते तिथे खरंच लागतं. नवीन, सीलबंद, लागणारं सामान. आपण त्यातलं नवीन, सीलबंद आणि लागणारं हे तीन शब्द गाळले आणि उरलेला सल्ला जगभर लागू केला. आता परतीची बॅग वजनात बसेना की माणसाच्या मनात एकदम माया दाटून येते. लोशनची अर्धी बाटली, तळाला फक्त फेस राहिलेला शाम्पू, फोडलेलं बिस्किटाचं पाकीट, मुलाला होत नाहीत ते कपडे, एअरलाइनच्या वजनकाट्याला नको असलेलं सगळं एका पिशवीत कोंबायचं, बेडवर ठेवायचं आणि फोटो काढायचा. फोटो महत्त्वाचा, पिशवीचं तोंड बंद असलेला.

चिठ्ठी ठेवायची नाही. ही सगळ्यात महत्त्वाची टीप. कारण खोलीत चिठ्ठीशिवाय सापडलेली वस्तू म्हणजे विसरलेली वस्तू, ती लॉस्ट अँड फाउंडला जमा होते, रजिस्टरात नोंद होते आणि तुमची माया तिथे लेबल लावून पडून राहते. आणि एखादीला वाटलं की हे आपल्यासाठीच ठेवलंय, आणि तिने ती पिशवी उचलली, तर स्टाफच्या गेटवर रोज बॅग तपासतात, गेटपास नाही, पाहुण्याचं पत्र नाही, की झाली चोरी.

आमच्यासोबतच्या एक वहिनी नेमकं हेच करून एअरपोर्टच्या बसमध्ये बसल्या. आमची फ्लाइट रात्रीची होती म्हणून आम्ही मागे राहिलो होतो. लॉबीत बसले होते तर ड्यूटी मॅनेजर आला, तुमच्या ग्रुपमधल्या अमुक खोलीतल्या पाहुण्यांनी हे सामान दिलंय का म्हणून विचारायला लागला. मागे ती उभी, तीच, शॉवर कॅपवाली. आणि काउंटरवर पुरावा मांडलेला. सोल सुटलेले सँडल. अर्धं लोशन. लहान मुलांच्या पोहायच्या दंडातल्या फुग्यांची जोडी, त्यातल्या एकाला पंक्चरचं ठिगळ. या ऐवजासाठी एका बाईची नोकरी जायची वेळ आलेली आणि ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतेय, आणि मला काहीच ठाऊक नाही कारण वहिनींनी हे दान गुप्त ठेवलं होतं, म्हणजे ग्रुपवर फोटो टाकेपर्यंत.

फोन लावला. उचलेनात. मेसेज केला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. परत लावला तर कट. तोवर ग्रुपवर फोटो आला, बेडवरची पिशवी, तोंड बंद, खाली "देण्यातला आनंद" आणि हात जोडलेले. मी तो फोटो मॅनेजरला दाखवला तर तो म्हणतो पिशवीत काय आहे ते यात दिसत नाही मॅडम, आम्हाला पाहुण्याकडून लेखी लागेल. त्याचंही चुकलं नाही, त्याच्या डोक्यावर त्याचा साहेब. दुपार गेली या सगळ्यात. मी सोफ्यावर, ती उभी, कारण स्टाफला लॉबीत बसायची परवानगी नाही. तिची घरी जायची बस सुटली. शेवटी वहिनींचा व्हॉइस मेसेज आला, मागे ड्यूटी फ्रीचं म्युझिक, "अगं हो, मीच ठेवलं होतं, तसंही टाकूनच देणार होते, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात तुम्ही लोक!" मॅनेजरला ते भाषांतर करून सांगायचं काम माझ्याकडे. "टाकूनच देणार होते" हा भाग मी गाळला.

बास झालं आता सल्ले.

टाकूनच देणार होतात ना, मग कचऱ्याच्या डब्यात टाकायचं होतं, डबा खोलीतच होता, पायाने उघडणारा. तुम्ही तुमचा कचरा उचलायचं काम तिला दिलंत, ती ते रोज करतेच, आणि वर त्याचं श्रेय घेतलंत. रूमचं भाडं भरताना, विमानात पाय लांब करायच्या सीटचे जास्तीचे पैसे भरताना, सूर्यास्ताच्या फोटोशूटला होडी करताना तुमचा हात कधी थरथरला नाही, तो नेमका बाथरूम धुणाऱ्या बाईपाशी येऊन कसा काय थरथरतो? तिच्या वाट्याला दिवसाला चौदा-पंधरा खोल्या असतात, तुमच्या बाथटबमधली वाळू, तुमचे केस, तुमच्या पोरांनी भिंतीवर काढलेले हत्ती. तिला तुमची आपुलकी नकोय. तिला नोट हवीये, साधी, न फाटलेली, तिथे चालणारी.

टिप द्यायची नसेल तर नका देऊ ना. कोणी तुमच्या दारात हात पसरून उभं नाहीये. परवडत नसेल, पटत नसेल, तर हसून थँक्यू म्हणा आणि बाहेर पडा, त्यात काही पाप नाही. पण द्यायचीच असेल तर रोज द्या, जी खोली करते तिच्या हातात द्या, नाहीतर "हाऊसकीपिंगसाठी" एवढं लिहून टेबलावर ठेवा. वस्तू द्यायची असेल तर जी बहिणीला द्यायला लाज वाटणार नाही अशी द्या, आणि सोबत कागदावर काय दिलंय, खोली नंबर, तारीख, सही. एवढं लिहायला एक मिनिट लागतं. तेवढ्या वेळात तुम्ही पिशवीचे चार अँगलने फोटो काढले.

आणि वहिनी, तुम्ही हे वाचणार मला माहितीये, ग्रुपवरचा तो फोटो अजून तसाच आहे, खाली बदाम येतायत. काढा तो. आणि त्या बाईच्या बसचे पैसे माझ्याकडून गेलेत, ते पाठवून द्या. नोटाच द्या, नाणी नकोत.