कॉस दाबत राहिलं की प्रत्येक समीकरण सुटत नाही

बारावीच्या पालकांच्या, क्लासच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पुण्यात एक मेसेज फिरतोय. त्याचं सांगणं थोडक्यात असं: कॅल्क्युलेटरवर कुठलाही आकडा घ्या, कॉस दाबत राहा, शेवटी ०.७३९०८५ च येतं. हा बानाखचा सिद्धान्त. तेव्हा कुठलंही समीकरण ‘क्ष = काहीतरी’ असं लिहा, आलेलं उत्तर परत परत आत टाका, लागोपाठची दोन उत्तरं सारखी दिसली की थांबा; तेच खरं उत्तर. पुण्याचा नकाशा पुण्यात कुठेही पसरा, हवा तर चुरगाळून टाका, त्यावरचा एक बिंदू बरोबर स्वतःच्याच जागेवर पडतो. अटी आणि सिद्धता हा गणितवाल्यांचा हौशी पसारा आहे, इंजिनिअरला त्याचा उपयोग नाही. आणि ही पद्धत मुळात आपल्या शुल्बसूत्रांतलीच आहे.

मी गणित शिकवतो. साफ खोटा मेसेज मुलं स्वतःच बाजूला टाकतात, पण यातलं निम्मं खरं आहे, आणि जे गाळलंय तोच नेमका सिद्धान्ताचा गाभा आहे. म्हणून एकेक दावा घेतो.

आधी कॉस. कॅल्क्युलेटर कुठल्या मोडवर हवा, हेच मेसेजमध्ये नाही. शाळेतली त्रिकोणमिती अंशांत होते, त्यामुळे बऱ्याच मुलांचा तो डिग्रीवरच असतो. तिथे ५० घेऊन कॉस दाबा: ०.६४२८, मग ०.९९९९३७, मग ०.९९९८४७७, आणि आकडा तिथेच बसतो. ०.७३९ कुठेच नाही. रेडियनवर घेतलं तर ०.७३९०८५ येतं हे खरं, पण ते कसं येतं ते बघा. १ पासून निघालं की ०.५४०३, ०.८५७६, ०.६५४३, ०.७९३५, ०.७०१४. एकदा खाली, एकदा वर, आणि झोका दर वेळी थोडा लहान. त्या बिंदूपाशी कॉसच्या आलेखाचा उतार, चिन्ह सोडून, ०.६७ आहे. म्हणून दर दाबण्याला चूक साधारण दोन तृतीयांश उरते आणि दशांश चिन्हापुढचा एकेक आकडा पक्का व्हायला जवळपास सहा दाबण्या लागतात. डिग्रीत तोच उतार ०.०००३ आहे, म्हणून तिथे तीन-चार दाबण्यांत काम आटोपतं. उत्तर किती लवकर यायचं आणि यायचं की नाही, हे उतार ठरवतो.

‘कुठलाही आकडा’ हे मात्र इथे बरोबर आहे, पण त्याचं कारणही कॉसपुरतंच आहे. कुठूनही निघा, दोन दाबण्यांनंतर आपण ०.५४ आणि १ यांच्या मध्ये अडकतो, आणि त्या पट्ट्यात उतार ०.८४१५ च्या वर जातच नाही. सगळ्या संख्यारेषेवर तसं नाही. तिथे तो काही ठिकाणी थेट १ ला टेकतो.

स्टेफान बानाख यांनी १९२० मध्ये ल्वूव विद्यापीठाला दिलेल्या आणि १९२२ मध्ये छापून आलेल्या प्रबंधात हीच गोष्ट नेमकी मांडली. कुठलेही दोन बिंदू घ्या. फलन लावल्यावर त्यांच्यातलं अंतर आधीच्या अंतराच्या के पटीहून जास्त असता कामा नये, आणि हा के एकच, सगळीकडे चालणारा, १ पेक्षा लहान हवा. फलनाने आपल्याला त्याच संचात ठेवलं पाहिजे. आणि त्या संचात अशी फट नको की जवळजवळ जाणारी उत्तरं तिच्यातून निसटतील. एवढं असेल तर स्थिर बिंदू, म्हणजे आत टाकला की तोच बाहेर येतो असा बिंदू, असतो, एकच असतो, आणि कुठूनही निघालं तरी आपण तिथेच पोचतो. मेसेजने निष्कर्ष तेवढा उचलला आणि के टाकून दिला.

के टाकला की काय होतं ते ‘कुठलंही समीकरण’ या दाव्यात दिसतं. क्षचा घन − क्ष − १ = ० घ्या. हे ‘क्ष = क्षचा घन − १’ असं लिहिता येतं. १.५ पासून निघा: २.३७५, मग १२.४, मग १९०४. पुढे कॅल्क्युलेटर एरर दाखवतो. आता तेच समीकरण ‘क्ष = (क्ष + १) चं घनमूळ’ असं लिहा. तोच १.५: १.३५७२१, १.३३०८६, १.३२५८८, १.३२४९४, १.३२४७६, १.३२४७३, १.३२४७२. उत्तर १.३२४७१८, सात पायऱ्यांत जवळपास हातात. पहिल्या मांडणीचा त्या बिंदूपाशी उतार ५.२६, दुसरीचा ०.१९. दोन्ही एकमेकांचे व्यस्त आहेत, कारण एक फलन दुसऱ्याचं उलट आहे. आणि ‘क्ष = २ भागिले क्ष’ करून २ चं वर्गमूळ काढायला जाल तर १, २, १, २ असंच आयुष्यभर चालेल; तिथे उतार बरोबर उणे १ आहे.

आता सगळ्यात घातक दावा, ‘सारखी दिसली की थांबा’ हा. प्रोग्राम लिहिताना मुलं नेमकं हेच करतात, म्हणून इथे जरा थांबतो. कॉसऐवजी साइन घ्या, रेडियनमध्ये, १ पासून. स्थिर बिंदू ० आहे, याबद्दल वाद नाही. लूप लावा. शंभर पायऱ्यांनंतर आपण ०.१७ च्या आसपास असतो, हजारनंतर ०.०५५ च्या, दहा हजारनंतर ०.०१७ च्या. या शेवटच्या ठिकाणी लागोपाठच्या दोन उत्तरांतला फरक एक दशलक्षांशाहून कमी असतो. ‘फरक ०.०००००१ पेक्षा कमी झाला की थांब’ असं लिहिलेला प्रोग्राम त्याच्या थोडं आधीच खुशाल थांबेल आणि ०.०१८ छापेल, आणि दुसरा दशांशच चुकलेला असेल. साइन अंतर कमी करतो, प्रत्येक वेळी करतो, पण ० च्या जवळ जावं तसा उतार १ कडे सरकतो आणि १ पेक्षा लहान असा एकच के मिळत नाही. याहून वाईट उदाहरण ‘क्ष + १ भागिले क्ष’ चं. १ पासून पुढे तेही दोन बिंदूंमधलं अंतर कमीच करतं, पण त्याला स्थिर बिंदूच नाही. दहा हजार पायऱ्यांनंतर आकडा १४१ च्या पुढे गेलेला असतो, पाऊल ०.००७ वर आलेलं असतं, आणि चाल कायम चालू राहते.

के हाताशी असला तर थांबायचं कधी हेही सिद्धान्तच सांगतो. खरी चूक ही लागोपाठच्या उत्तरांतल्या फरकाच्या ‘के भागिले (१ − के)’ पटीहून जास्त नसते. कॉससाठी ०.८४१५ धरला तर ही पट ५.३ येते. के ०.९९ असेल तर ९९ येते, म्हणजे फरक दिसतो त्याच्या नव्याण्णवपट चूक लपलेली असू शकते. बानाखच्या सिद्धान्तातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि फॉरवर्डमध्ये तो कधीच नसतो.

नकाशाचं उदाहरण सुंदर आहे, ते मी वर्गात घेतोच. पण ‘कुठेही’ नाही. नकाशा जो भाग दाखवतो त्याच्या आतच तो पडला पाहिजे. फक्त पुणे महापालिकेच्या हद्दीचा नकाशा निगडीत नेऊन पसरला तर काही हाती लागणार नाही. १:२५,००० चा नकाशा सारसबागेच्या हिरवळीवर पसरा आणि कात्रजच्या तलावापासून सुरुवात करा. तलाव तिथून सरळ रेषेत पाच किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून कागदावरचा तलावाचा ठिपका स्थिर बिंदूपासून साधारण वीस सेंटीमीटरवर पडतो. त्या ठिपक्याखालची जमीन आता नकाशावर शोधा: अंतर ०.००८ मिलीमीटर. दोन पायऱ्यांत छपाईच्या शाईच्याही पलीकडे! चुरगाळलेल्या कागदासाठी ब्राउवरचा सिद्धान्त (तबकडीसारख्या संचाला त्याच्याच आत नेणाऱ्या संतत, म्हणजे न फाटणाऱ्या फलनाला स्थिर बिंदू असतोच) लागतो असं बरेचदा सांगतात, पण कागद ताणत नाही, चुरगाळल्यावर त्यावरची अंतरं कमीच होतात, म्हणून बानाख पुरतो. मात्र कागद फाडून तुकडे वेगवेगळे टाकले तर हमी संपली.

ब्राउवरचा सिद्धान्त ताणलेल्या रबराच्या नकाशालाही लागतो, पण तो फक्त बिंदू आहे एवढंच सांगतो. गोल तबकडी काटकोनात फिरवा. केंद्र स्थिर आहे, पण दुसऱ्या कुठल्याही बिंदूपासून निघालात तर चार पायऱ्यांनी परत तिथेच याल. अशा वेळी उपयोगी पडते ती गणितज्ञ मान यांची १९५३ ची आणि क्रास्नोसेल्स्की यांची १९५५ ची सरासरीची युक्ती: नव्या उत्तरावर उडी न मारता जुन्या-नव्याच्या मध्यावर थांबा. मग केंद्रापासूनचं अंतर दर वेळी ०.७०७ पट होतं. अनंत मितींत तर ब्राउवरचं अस्तित्वाचं आश्वासनही टिकत नाही. काकुतानी यांनी १९४३ मध्ये अनंत मितींच्या हिल्बर्ट अवकाशातल्या भरीव गोलाला त्याच्याच आत नेणारं, पण स्थिर बिंदू नसलेलं संतत फलन दाखवलं.

शुल्बसूत्रांबद्दल थोडक्यात. क्ष आणि ‘२ भागिले क्ष’ यांची सरासरी १ पासून घेत गेलं की ३/२, १७/१२, ५७७/४०८ येतात, आणि बौधायन शुल्बसूत्रात २ च्या वर्गमूळासाठी हाच ५७७/४०८ येतो. अभिमान वाटावा असंच आहे. पण सूत्रात अपूर्णांक आहे, रीत दिलेली नाही. आणि बानाखचा विषय एक वर्गमूळ काढणं हा नव्हता; तिथे बिंदूच्या जागी अख्खं फलन असू शकतं.

राहिला ‘इंजिनिअरला काय उपयोग’. गाउस-सायडेल प्रत्येकाने केलेलं असतं: एकेका समीकरणातून एकेक अज्ञात काढायचं आणि आलेलं उत्तर लगेच पुढच्या समीकरणात टाकायचं. ५क्ष + य = ६ आणि क्ष + ४य = ५, उत्तर दोन्ही १. याच क्रमाने, ० पासून: क्ष १.२, य ०.९५, मग १.०१, ०.९९७५. यमधली चूक दर फेरीला विसाव्या भागावर. क्रम उलटा करून पहिल्या समीकरणाऐवजी दुसऱ्यातून क्ष काढा: ५, −१९; मग ८१, −३९९. चूक दर फेरीला वीसपट. ‘कर्णावरचे सहगुणक मोठे येतील असा क्रम लावून घ्या’ ही ओळ मुलं उत्तरपत्रिकेत मंत्रासारखी लिहितात. ती म्हणजे के १ पेक्षा लहान असल्याची खात्री करून घेणं आहे. पिकार यांनी १८९० मध्ये विकलक समीकरणांसाठी लागोपाठच्या सन्निकटनांची जी पद्धत वापरली, तिच्यातही हेच: ० ला १ असणारं आणि उतार स्वतःच्याच किमतीइतका असणारं फलन शोधायचं असेल, तर १ पासून निघून दर पायरीला आकड्याऐवजी १ + क्ष, मग १ + क्ष + क्षचा वर्ग/२ अशी नवी फलनं मिळतात, आणि ती कुठे जाऊन मिळतात हे सांगायला हाच के लागतो.

कर्णावरचे सहगुणक मोठे असण्याची ही अट पुरेशी आहे, अनिवार्य नाही, हेही मुलांना सांगायला हवं. कर्ण इतका वजनदार नसला, पण सहगुणकांची मॅट्रिक्स सममित आणि धन-निश्चित (symmetric positive definite) असली, तरी गाउस-सायडेल उत्तराकडे जाते. फक्त ते सिद्ध करायला वेगळा युक्तिवाद लागतो.