कोयना बघायची तर मे महिन्यात या

माझं माहेर सांगली आणि सासर चिपळूण. कोयनेचं पाणी दोन बाजूंना जातं आणि दोन्हीकडं माझी माणसं आहेत. त्यामुळे दर ऑगस्टमध्ये कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ सुरू झाले, मागं ढोल-ताशे आणि खाली ‘महाराष्ट्राची भाग्यरेषा’ वगैरे दिसायला लागलं, की मला राहवत नाही. यंदा लिहूनच टाकते.

तुम्ही ज्या पाण्याचे व्हिडिओ काढता ना, त्याने एका बल्बाचीसुद्धा वीज केलेली नसते. वक्र दरवाज्यांतून पडतं ते धरणात न मावलेलं पाणी. ते पूर्वेला जातं, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढं आमच्या सांगलीत येतं. पायथ्याच्या वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर थोडी वीज होते, पण ती ४० मेगावॅट. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. मग बाकीची वीज कुठं होते? त्या भिंतीपाशी नाहीच. सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पोटात.

हे मलाही लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. सांगलीकरांसाठी कोयना म्हणजे पावसाळ्यातला एक आकडा. धरणाजवळच्या नवजाला किती पाऊस, धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला घनफूट), आणि आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आईच्या स्वयंपाकघरातला ओटा दिसत नव्हता. अजूनही जुलै लागला की तिचा फोन येतो. ‘कशी आहेस’च्या आधी ‘कोयनेतून किती सोडलंय गं?’

लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आले. बघते तर वाशिष्ठी भरून वाहतेय! सांगलीत मेमध्ये कृष्णेचं पात्र बघितलेलं, म्हणून सासऱ्यांना विचारलं, “बाबा, उन्हाळ्यात एवढं पाणी कुठनं?” ते हसून म्हणाले, “ते आमचं नव्हे, तुमचंच. अवजल म्हणतात त्याला.”

अवजल. काय नेमका शब्द आहे! वीज करून झाल्यावर उरलेलं पाणी. कोयनेचा शिवसागर जलाशय सह्याद्रीच्या धारेला लागून दक्षिणोत्तर पसरलाय. पश्चिमेचा डोंगर पोखरला की खाली थेट कोकण. नवजाकडून बोगद्याने आत घेतलेलं पाणी पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळतं. तिथून कोळकेवाडीच्या धरणात अडवून त्यावर पुन्हा वीज करतात, आणि मग ते वाशिष्ठीत सोडून देतात. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडं निघालेलं पाणी दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. किती वळवायचं यालाही बंधन आहे. कृष्णा पाणी तंट्यात बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली.

वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी तर १९९९ मध्ये जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाला खालून भोक पाडलं. लेक टॅपिंग. बोगदा तळ्याखाली आणून ठेवायचा आणि शेवटचा खडक सुरुंगाने उडवायचा. २०१२ मध्ये पुन्हा एकदा केलं, पाणी खाली गेलं तरी उचलता यावं म्हणून. यातलं काहीच येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही. वीजगृह सगळ्यांना खुलं नाही, धरणाच्या भिंतीवर जाऊ देत नाहीत.

मागच्या मेमध्ये भाचरांना घेऊन मुद्दाम गेले. कोयनानगरला लांबून भिंत दाखवली. १०३ मीटर उंच, ८०० मीटर लांब, दरवाजे कोरडे ठणठणीत. धाकटा म्हणाला, “मावशी, एवढंच?” मी म्हटलं, थांब.

दुसऱ्या दिवशी बामणोलीला लाँचमध्ये बसलो. पाणी उतरलेलं, काठाला लाल मातीचे पट्टे उघडे पडलेले आणि मधूनच दगडांची सरळ ओळ. “ती ताल आहे, शेताची,” लाँचवाले मामा म्हणाले. त्यांच्या आजोबांना जमीन सोलापूरकडं मिळाली होती. कागदावर. तिकडं जाऊन आले, जमेना, परत आले. “तिकडं पाऊसच नाय ओ,” एवढंच कारण सांगितलं. साठ वर्षं होऊन गेली, कोयनेचे धरणग्रस्त अजून जमिनीसाठी ठिय्या देतात. ऑगस्टमध्ये ती ताल पाण्याखाली असते, व्हिडिओत येत नाही. (एकनाथ शिंदे यांचं दरे गावही याच जलाशयाच्या काठी. त्यांचं हेलिकॉप्टर उतरतं ते बातमीत दिसतं, पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या बाईला दवाखान्यात लाँचने नेतात ते दिसत नाही.)

परत येताना भाचीने भूकंपाचं विचारलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची गोष्ट आई अजून सांगते. ती तेव्हा लहान, सांगलीत फडताळातली भांडी खाली आली आणि आजीने सगळ्यांना अंगणात ओढलं. कोयना खोऱ्यात दोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, ते नंतर मजबूत केले. जलाशयाच्या पाण्याचा आणि या धक्क्यांचा संबंध शास्त्रज्ञ अजून अभ्यासतायत. त्यासाठी गोठणे इथं तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. आपण मात्र ‘कोयनेला सौम्य धक्का, धरण सुरक्षित’ एवढं वाचून पुढं सरकवतो.

धरण वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. संध्याकाळी ऊन उतरलं की सौरवीज संपते आणि घराघरांतले दिवे, मिक्सर, एसी एकदम चालू होतात. कोळशाच्या संचाला थंड अवस्थेतून उठायला तास न् तास लागतात, कोयनेचा संच काही मिनिटांत उठतो. पण हे काम चालतं ऐन उन्हाळ्यात, मुकाट्याने, दरवाजे बंद असताना. मेमध्ये या, बामणोलीला लाँचमध्ये बसा आणि मग घाट उतरून वाशिष्ठी बघा. नुसते दरवाजे बघून परत गेलात तर धरण बघितलं असं सांगू नका.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला आमच्या खालच्या मजल्यात पाणी छतापर्यंत आलं. कोळकेवाडीचं पाणी सोडलं होतं की नव्हतं, यावर बाजारात अजून भांडणं होतात. सासरे त्यात पडत नाहीत. ते उन्हाळ्यात रोज सकाळी नदीवर फिरायला जातात. वरची वीजनिर्मिती कमी झाली की पात्र उतरतं, वाढली की भरतं. परवा चहाला बसताना म्हणाले, “पाणी बरंच चढलंय. काल पुण्या-मुंबईकडं एसी जोरात चाललेले दिसतात.”