झेडपीच्या शाळेला कॉम्प्युटर म्हणजे पैसे पाण्यात? त्या फॉरवर्डला उत्तर

एक फॉरवर्ड सध्या गावाकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तर दिवसाआड. मजकूर थोडक्यात असा की झेडपीच्या प्राथमिक शाळांना कॉम्प्युटर आणि इंग्रजीच्या ट्रेनिंगसाठी देणग्या देऊ नका, कारण १) कॉम्प्युटर धूळ खात पडतात, २) गुरुजींनाच इंग्रजी येत नाही, ३) पहिलीपासून इंग्रजी आणलं की मराठी कच्ची राहते, ४) आता घरोघरी मोबाईल आहे, आणि ५) ज्याला इंग्रजी हवंय तो इंग्लिश मिडियमला जातोच. ऐकायला पाचही पटतात, म्हणून तर लोक न वाचता पुढे ढकलतात. एकेक बघू.

१) धूळ खात पडतात. हो, पडतात, ज्यांनी चार शाळा बघितल्यात त्यांना हे सांगायची गरजच नाही. कुलूपबंद खोली, मॉनिटरचं प्लास्टिक सुद्धा न काढलेलं, आणि भिंतीवर दात्याच्या नावाची पाटी मात्र चकाचक. पण का पडतात हे फॉरवर्डवाला सांगत नाही, तो थेट "देऊ नका" वर उडी मारतो.

याचं उत्तर वीसेक वर्षांपूर्वी बडोद्यात मिळालंय. तिथल्या शंभर महापालिका शाळांना गुजरात सरकारने २००० साली प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले होते, आणि २००२ मध्ये शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने जाऊन बघितलं तर मुलांच्या हाताला जवळपास कुठेच लागलेले नव्हते. म्हणजे अगदी फॉरवर्डमधलीच गोष्ट. मग त्यांनी काय केलं, तर स्थानिक तरुण-तरुणींना थोडं ट्रेनिंग देऊन शाळेत बसवलं, चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका मशीनवर दोघं, आणि गणिताचे खेळ ते पण गुजरातीतून. ज्यांना हे मिळालं आणि ज्यांना नाही अशा शाळांची रीतसर तुलना झाली, तर गणितात चांगलाच फरक निघाला. धूळ खाणारा कॉम्प्युटर तोच होता, फक्त तो चालू करणारा माणूस आणि त्याच्यासाठी ठरलेला तास आला. (एक खरं ते सांगतो, कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात यातला बराचसा फायदा ओसरला. म्हणून एकदाच देऊन मोकळं व्हायचं ही कल्पनाच चुकीची.)

उलटं उदाहरण पेरू देशाचं. तिथल्या सरकारने २००८ पासून गरीब भागातल्या प्राथमिक शाळांमध्ये लाखो लॅपटॉप वाटले, पण ते वापरून शिकवायचं कसं याची तयारी फारच थोडी. नंतर ३१९ शाळांचा अभ्यास झाला, त्यात भाषा आणि गणित दोन्हीत काहीच फरक दिसला नाही.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे जी देणगीदारांना माहीतच नसते. तीस पटापर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं १०,००० रुपये. त्यात खडू, कागद, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल, सगळं त्यातच. आता तिथे तुम्ही पाच मशीन आणि एक इन्व्हर्टर नेऊन ठेवलात तर बिल कोण भरणार? बॅटरी दोन-चार वर्षांत उतरली की नवी कुठून येणार? थकबाकीपायी झेडपी शाळांचे मीटर कापल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतोच की आपण. त्यातून शाळा द्विशिक्षकी, साठ पटापर्यंत कायद्याने शिक्षकच दोन, एक सर कुठल्यातरी ट्रेनिंगला किंवा बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला आणि दुसऱ्या बाई एकट्या चार वर्ग सांभाळतायत, वर पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, ती पण स्वतःच्याच मोबाईलवरून. अशा बाईंनी लॅब कधी उघडायची? माझं एवढंच म्हणणं आहे की दोन मशीन कमी द्या आणि त्या पैशात तीन वर्षांचं बिल, दुरुस्ती आणि गावातल्याच एखाद्या ग्रॅज्युएट पोरीचं मानधन द्या. पण याचा फोटो काढता येत नाही ना, म्हणून कोणी देत नाही.

२) गुरुजींनाच इंग्रजी येत नाही. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे जे शिक्षक स्वतः पाचवीला एबीसीडी शिकले, डीएड मराठीतून केलं, त्यांच्या हातात अचानक पहिलीचं इंग्रजी पुस्तक दिलं. येत नसेल तर ट्रेनिंग द्या हाच निष्कर्ष निघतो, ट्रेनिंगला पैसे देऊ नका हा कसा काय निघाला?

आणि ट्रेनिंगने फरक पडतो का, तर महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. ठाणे आणि माणगाव भागात 'प्रथम'नेच प्राथमिकच्या मुलांसाठी इंग्रजीचा कार्यक्रम केला होता. एका पद्धतीत चित्रावर पेन टेकवलं की शब्द उच्चारणारं मशीन, दुसऱ्या पद्धतीत शाळेतलेच शिक्षक कार्ड आणि खेळ घेऊन. सरासरी फायदा दोन्हीकडे साधारण सारखाच झाला. पण खोलात गेल्यावर दिसलं की मशीनचा फायदा आधीपासून हुशार असलेल्या मुलांना जास्त, आणि मागे पडलेल्यांना शिक्षकांच्या खेळांचा जास्त. म्हणजे "इंग्रजी न येणारे" तेच झेडपीतले गुरुजी, हातात नीट साहित्य आणि थोडी तयारी मिळाल्यावर कच्च्या पोरांसाठी मशीनच्या पुढे गेले. राज्यात पुढे 'तेजस' या शिक्षकांच्या इंग्रजी ट्रेनिंगच्या उपक्रमातून शिक्षकांचे छोटे गट करून एकमेकांसमोर इंग्रजी बोलण्याचा सराव सुरू झाला तो पण याच वाटेने जाणारा. तालुक्याला एका दिवसात दोनशे जणांना हॉलमध्ये बसवून पीपीटी दाखवायची आणि जेवण देऊन सोडायचं, त्याला ट्रेनिंग म्हणत असाल तर मात्र फॉरवर्डवाल्याशी मी सहमत आहे.

३) मराठी कच्ची राहते. काळजी रास्त आहे, बोट चुकीच्या जागी ठेवलंय. असर, म्हणजे गावोगाव मुलांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी, तिच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या साधारण पाव मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा उतारा सुद्धा न अडखळता वाचता येत नव्हता. हे आठवड्यातल्या काही इंग्रजी तासांमुळे झालं असं म्हणायला आधार काय? पहिली-दुसरीत इंग्रजी ऐकणं-बोलणं, गाणी, सूचना एवढंच ठेवा आणि वाचनाचा जोर मराठीवर द्या, भांडण मिटलं. मराठी घडाघडा वाचणारं पोर इंग्रजी अक्षरं पटकन उचलतं कारण अक्षराला आवाज असतो हे त्याला कळलेलं असतं. आणि मेळघाटातल्या कोरकू किंवा नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या पोरांना तर शाळेतली मराठीच नवी असते, त्यांचा विचार या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

४) घरोघरी मोबाईल आहे. घरात आहे, पोराच्या हातात नाही. सात वर्षांच्या मुलाच्या घरातला फोन सकाळी बापाबरोबर शेतावर किंवा कामावर जातो आणि रात्री आला की त्यात रील असतात. असर २०२४ मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं तर आठवडाभरात ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया वापरला होता आणि अभ्यासाशी संबंधित काही करणारे ५७ टक्के. शिवाय बोटाने सरकवणं वेगळं आणि कीबोर्डवर एक परिच्छेद टाईप करणं, फाईल सेव्ह करणं वेगळं. सरकारी नोकरीला एमएस-सीआयटी मागतात तेव्हा मोबाईलवर शिकलो म्हटलेलं चालत नाही.

५) ज्याला हवंय तो इंग्लिश मिडियमला जातोच. पहिलं म्हणजे तिथे गेल्याने आपोआप जास्त शिकणं होतं हेच ठरलेलं नाही. आंध्रात लॉटरीने फीचे पैसे देऊन मुलांना खाजगी शाळेत पाठवलं होतं, चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती. ठळक फायदा झाला तो हिंदीत, जी बऱ्याच सरकारी शाळांत शिकवतच नव्हते.

दुसरं, "ज्याला हवंय तो जातोच" हे कोणाबद्दल बोलतायत? गावात बघा ना, भाऊ पिवळ्या व्हॅनमधून 'इंटरनॅशनल'ला आणि बहीण चालत झेडपीला, एकाच घरातनं. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे असतील तर व्हॅनचा प्रश्नच येत नाही. त्यात पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं, म्हणजे जे मागे राहिले त्यांचं अजून नुकसान. देणगी मागतायत ती या मागे राहिलेल्यांसाठी. द्यायची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर चेकने द्या, आणि त्याआधी गुरुजींनी दिलेल्या यादीत वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च लिहिलाय का बघा, नसेल तर लिहायला लावा.