खाली दगड मऊ, मग भूकंप कसला?

दाजींचा मुलगा दिल्लीत नोकरीला. हिंदुकुशाखाली जमीन हलली की तिकडे त्याच्या फ्लॅटमधला पंखा झुलतो आणि इकडे डिचोलीच्या बाजारातला आमचा कट्टा. परवा दाजींनी फोनवरची बातमी मोठ्याने वाचली आणि एका आकड्यावर अडकले. खोली सुमारे २०० किलोमीटर.

"मी कदंबची कोल्हापूर गाडी चालवायचो, जवळजवळ तेवढं अंतर," दाजी म्हणाले. "पण सरळ खाली! तिथे तर सगळा लाव्हा असणार. लाव्हा फुटतो कसा मरे?"

"लाव्हा नाही हो, दगडच," मास्तर म्हणाले. मास्तर निवृत्त झाले तरी खडू अजून बोटांत आहे. "भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातून, त्या आरामात जातात. अडतात त्या २९०० किलोमीटरवर, बाह्य गाभ्यापाशी. तोवर सगळं घन."

"घन तर घन. मग फुटणारच. यात बातमी काय?" हा काँट्रॅक्टर. त्याला कुठलाही विषय दोन वाक्यांत संपवायचा असतो, कारण त्याचा फोन सतत वाजतो.

खरी गोची इथेच होती आणि मास्तरांनी ती उलगडायच्या नादात आणखी घट्ट केली. ते म्हणाले, खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. ३०० अंशांच्या आसपास क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, फुटायची सोडून हळूहळू वाहायला लागते. ४५० च्या पुढे फेल्डस्पारही. ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः हेच दोन. म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरखाली दगड घन असूनही मऊ वागतो. भ्रंशाच्या, म्हणजे जिच्यावरून दगड सरकतो त्या भेगेच्या, दोन बाजू तिथे घासत नाहीत, मधला पट्टाच ताणला जातो. भूकंप वरच्या ठिसूळ थरात, खाली शांतता.

"मग दोनशेवाला?" दाजींनी बरोबर पकडलं.

"तो अपवाद."

"अपवाद म्हटलं की शाळा सुटली," भाई म्हणाले.

भाई खाणीवर भूवैज्ञानिक होते. २०१८ ला खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हापासून घरी. हातात दगड नसला की माणूस कडवट होतो म्हणतात, भाई मात्र बोलके झाले. एरवी ते पातळ भाजी-पाव संपेपर्यंत गप्प असतात, त्या दिवशी पाव तसाच राहिला.

भाईंचं म्हणणं एका वाक्याचं होतं. दगड फुटणार की वाहणार हे नुसत्या खोलीवर ठरत नाही, वेगावरही ठरतं. पावसाळ्यात गुळाची ढेप कोनाड्यात ठेवली तर चार दिवसांत स्वतःच्याच वजनाने बसते, कडा सुटतात. त्याच ढेपेवर बत्ता मारला तर टवका उडतो. गूळ तोच, हवा तीच. सावकाश दाबलं तर वाहतो, झटक्यात मारलं तर फुटतो.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले, "पण वीस किलोमीटर खाली बत्ता कोण मारतो?"

इतका चांगला प्रश्न आमच्या कट्ट्यावर फार दिवसांत कोणी विचारला नव्हता. विचारणाऱ्याला तो हरवण्यासाठी विचारायचा होता, हा भाग वेगळा.

"वरचाच थर मारतो," भाई म्हणाले. "हिमालय घ्या. आपला भूपट्ट तिबेटाखाली घुसतो, त्यातले वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर हिमालयाच्या वाट्याला येतात. खोलवर, जिथे दगड गरम आहे, तिथे ही सरक रोज चालू. आवाज नाही, हादरा नाही. वरचा थंड भाग मात्र घर्षणाने चिकटलेला. खालचा पुढे निघालाय, वरचा जागचा हलत नाही. शंभर वर्षांत दोन मीटर उधारी झाली. ती एका मिनिटात फिटते तेव्हा वरचा दगड सेकंदाला मीटरभर वेगाने सरकतो आणि फूट भ्रंशावरून सेकंदाला दोन-तीन किलोमीटर धावते. आता त्या सीमेखालच्या दगडाची अवस्था बघा. वर्षाला दोन सेंटिमीटर वाहायची त्याला सवय. त्याला कोणी सेकंदात मीटरभर ओढलं तर तो वाहणार कधी? फुटतो."

"म्हणजे वरून खाली फुटत जातं?"

"थोडं अंतर. मग गरम दगड ती फूट गिळून टाकतो. २०१५ ला नेपाळात गोरखाचा भूकंप झाला, ७.८ चा, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याची सुरुवात पंधरा किलोमीटरच्या आसपास, चिकटलेल्या भागाच्या खालच्या काठाशी. तो वर जमिनीपर्यंत पोचलाच नाही. काठमांडूच्या दक्षिणेकडचा भाग अजून चिकटलेलाच आहे."

मास्तरांनी मान हलवली, पण कबूल केलं नाही. "हे सगळं तुम्ही गणिताने सांगताय. खाली जाऊन बघितलं कोणी?"

मास्तरांचा टोला योग्य होता. खाली जाऊन बघता येत नाही. सोव्हिएत रशियाने कोला द्वीपकल्पावर १९७० पासून भोक पाडलं, वीस वर्षं खपून १२,२६२ मीटर गाठले. तळाशी शंभर अंश अपेक्षित होते, निघाले १८०. दगड भोक मिटवायला लागला आणि पुढे जाता येईना. आपल्याकडे कोयनेला कऱ्हाडच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये तीन किलोमीटरचं छिद्र पूर्ण केलं. वरचा सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, खाली ग्रॅनाइट आणि नाईस. मोठं काम आहे, पण वाहणाऱ्या दगडापासून अजून फार वर.

"पण खालचा दगड वर येतो की," भाई म्हणाले. "कोट्यवधी वर्षांत वरचं झिजून जातं आणि एके काळी वीस-तीस किलोमीटर खाली असलेला भ्रंश पायाखाली येतो. त्यात दोन प्रकारचे दगड मिळतात. एक मायलोनाइट. मूळ दगडाचे जाड कण वाहता वाहता बारीक होत गेलेले, रेघारेघांचा. कण बारीक झाले की तो आणखी मऊ होतो, म्हणून पुढची सगळी हालचाल त्याच पट्ट्यात शिरते. दुसरा स्यूडोटॅकिलाइट. काळा, काचेसारखा, शिरांसारखा पसरलेला. भूकंपात घर्षणाची उष्णता एवढी होते की काही सेकंदांत हजारावर अंश चढतात, दगड खरोखर वितळतो आणि लगेच थिजतो. भ्रंशात हा मिळाला म्हणजे तिथे भूकंप झाला होता, असंच मानतात."

"म्हणजे दाजींचा लाव्हा शेवटी सापडला," काँट्रॅक्टर म्हणाला.

"सापडला, पण भूकंपाचं कारण म्हणून नव्हे, परिणाम म्हणून. आणि जाडी बहुतेक वेळा बोटाएवढीसुद्धा नाही." भाईंना थांबवणं आता शक्य नव्हतं. "मजा पुढे आहे. काही ठिकाणी ही काळी शीर मायलोनाइटला छेदून जाते आणि नंतर स्वतःच ताणली गेलेली दिसते. म्हणजे दगड वाहत होता, एका क्षणी फुटला, वितळला, थिजला आणि पुन्हा वाहायला लागला. त्याला छेदून पुन्हा नवी शीर. मध्य ऑस्ट्रेलियातल्या मसग्रेव्ह डोंगरांत असे ढीग आहेत, नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर आहेत. तिथले दगड खूप खोलचे, तरीही फुटलेले. कारण ते कोरडे होते. पाणी असलं की खनिजं लवकर मऊ होतात, कोरडा दगड सहाशे-सातशे अंशांतही ताठ राहतो."

इथे मी बाजू घेतली, भाईंची. मास्तरांची ठिसूळ-मऊ अशी सरळ रेषा फळ्यावर छान दिसते, पण एकाच दगडात वाहणं आणि फुटणं आळीपाळीने लिहिलेलं असेल तर ती रेषा जागेवर राहत नाही हे मान्य करावं लागतं. भाईंनी मग आणखी एक पुरावा काढला, तो मला शिरांपेक्षाही पटला. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लँडर्सचा मोठा भूकंप झाला. त्यानंतरचे सर्वांत खोल धक्के सुरुवातीला नेहमीपेक्षा जास्त खोल होत होते आणि पुढच्या काही वर्षांत ती मर्यादा पुन्हा वर सरकत गेली. दगड बदलला नव्हता, तापमान बदललं नव्हतं. खालचा ताणाचा वेग आधी वाढला आणि मग मंदावला, एवढंच.

मास्तर थोडा वेळ चहा ढवळत बसले. त्यांच्या चहात साखर नसते.

"बरं, फुटणं आणि वाहणं, दोनच ना?" ते म्हणाले.

"तिसरंही आहे." २००२ मध्ये जपानी भूकंपशास्त्रज्ञ ओबारा यांनी दक्षिण-पश्चिम जपानखाली तीसेक किलोमीटरवर एक हलकी, लांबलेली थरथर नोंदली. ज्वालामुखी जवळ नाही आणि नेहमीच्या भूकंपासारखा ठोकाही नाही. कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याखाली तर साधारण दर चौदा महिन्यांनी भ्रंशाचा खोल भाग काही आठवडे सावकाश काही सेंटिमीटर सरकतो. सरक एवढी की झटक्यात झाली असती तर सहाच्या वरचा भूकंप ठरली असती. माणसाला काही कळत नाही, यंत्रांना कळतं. सरकून तो वरच्या चिकटलेल्या भागावर थोडा जास्त भार टाकून जातो.

"म्हणजे तुमची खालची शांतता म्हणजे," मी मास्तरांना म्हटलं, "वरच्याला डिवचत बसलेला माणूस."

"कथा करू नकोस," मास्तर म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

दाजींना त्यांचा दोनशे किलोमीटरवाला मिळाला नव्हता. भाईंनी तो पटकन उरकला. तिथे थंड भूपट्टाचा तुकडा खाली बुडालेला आहे, आजूबाजूच्या गरम प्रावरणापेक्षा थंड म्हणून ताठ. त्याच्या खनिजांत अडकलेलं पाणी सुटलं की दगड कमकुवत होतो, असं एक स्पष्टीकरण. आणखी खोल, चारशेच्या खाली, ऑलिव्हिन नावाचं खनिज दाबाने दुसऱ्या रूपात बदलतं आणि तो बदल अचानक झाला तर दगड सरकतो, असं दुसरं. वाद मिटलेला नाही. २०१३ मध्ये ओखोट्स्क समुद्राखाली ६०९ किलोमीटरवर ८.३ चा झाला, मॉस्कोत लोकांना जाणवला. "तुमच्या मुलाचा पंखा त्यामानाने काहीच नाही," भाई म्हणाले. दाजींना हे बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही.

काँट्रॅक्टरचा फोन वाजायचा थांबला होता, म्हणून त्याने मुद्द्याचं विचारलं. "आणि आपल्याकडे? जुन्या गोव्याचा ऑगस्टिनचा मनोरा भूकंपानेच पडला ना?"

"१८३५ ला मठ रिकामा झाला, १८४२ ला छत आलं, १९३१ ला मनोऱ्याचा अर्धा भाग," मास्तर म्हणाले. "पाऊस आणि दुर्लक्ष. शेजारचं बॉम जेझुसचं चर्च १६०५ पासून उभं आहे."

"बघा! चारशे वर्षं काही झालं नाही. उगाच घाबरवता."

"किल्लारीतही कोणी घाबरवलं नव्हतं," भाई म्हणाले. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे तिथे ६.२ चा झाला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात ते गाव सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होतं. जुन्या, थंड भूखंडात ताण इतका सावकाश साठतो की दोन मोठ्या भूकंपांमधलं अंतर हजारो वर्षांचं असू शकतं. चारशे वर्षांची नोंद तिथे काही सांगत नाही. भुजला २००१ मध्ये तर नंतरचे धक्के तीसेक किलोमीटरपर्यंत गेले, मास्तरांच्या पंधराच्या दुप्पट, कारण तिथलं भूकवच तेवढ्या खोलीवरही फुटण्याइतकं ताठ आहे.

दाजींना एकदम आठवलं. "ओपिनियन पोलच्या वर्षी! जानेवारीत मतदान झालं आणि डिसेंबरात पहाटे भांडी वाजली. आई म्हणाली, मांजर आलं."

ते कोयनेचं, ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढे. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण झालं नाही, पण हादरा सरहद्द ओलांडून आलाच. तिथे धरणाच्या पाण्याचा दाब भेगांमध्ये उतरला, चिकटलेल्या बाजूंची पकड सैल झाली आणि आधीपासून साठलेला ताण सुटला. हे धक्के बहुतेक दहा किलोमीटरच्या आतले.

"गोवा तिसऱ्या झोनमध्ये आहे, मला ठाऊक आहे," काँट्रॅक्टर म्हणाला. "बांधकाम परवान्याच्या फायलीत लिहावं लागतं."

"लिहितोस. आणि खांबाच्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक किती अंशात वळवतोस?"

"नव्वद."

"बांधकामाचा कोड १३५ अंश सांगतो. हादऱ्यात नव्वदचा हूक उघडतो, मग आतलं काँक्रीट सुटतं."

"बारबेंडर वैतागतात हो. दिवसाला रिंगा कमी होतात."

"कुठल्या साइटवर?" दाजींनी विचारलं.

काँट्रॅक्टरने व्हाळशीकडे हात केला. मग त्याचा फोन वाजला आणि या वेळी त्याने तो लगेच उचलला.