वडिलांच्या नारिंगी चष्म्याबद्दल दुकानाकडून

नमस्कार ताई,

आपण एक स्टार देऊन लिहिलंत, की बाबांना आर.पी. (रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या पेशी हळूहळू जाण्याचा आजार) आहे, दुकानाने ४,८०० रुपये घेऊन नारिंगी काचा गळ्यात मारल्या, तक्त्यावर एक ओळही जास्त वाचता येत नाही, संध्याकाळी जिन्यात ते पडले, आणि असला गॉगल फुटपाथवर दोनशेला मिळतो.

पडण्याचं आधी बोलतो. ती चूक आमची. आर.पी.मध्ये अंधार पडायला लागला की तसंही दिसेनासं होतं, त्यात गडद काच म्हणजे उरलासुरला उजेडही गेला. ऊन उतरलं की हा चष्मा काढायचा, हे काउंटरवर सांगायलाच हवं होतं. सांगितलं गेलं नाही. मी आत फिटिंगला बसलो होतो, पण दुकान माझं आहे. बाबांचा गुडघा आता कसा आहे?

तक्त्याचं म्हणाल, तर फिल्टरने, म्हणजे अशा रंगीत काचेने, ओळी वाढत नाहीत. पडद्याच्या गेलेल्या पेशी कुठल्याच काचेने परत येत नाहीत, आणि तशी आशा आमच्याकडून कुणी दाखवली असेल तर तेही चुकलंच. फिल्टरचं काम उन्हातलं. निळा उजेड डोळ्यात जास्त विखुरतो, मग समोरचं सगळं पांढुरकं, धुरकट होतं. बाबांच्या काचेला ५२७ म्हणतात, तो काही चष्म्याचा नंबर नव्हे. साधारण ५२७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचा, म्हणजे निळ्या बाजूचा उजेड ती अडवते, पिवळा-तांबडा आत सोडते. फुटपाथवरचा काळा गॉगल सगळाच उजेड सरसकट कमी करतो. ऊन टोचत नाही हे खरं, पण त्याबरोबर पायरीची कडही बुडते.

तरी बाबांना हीच काच योग्य होती का, हे मी आज छातीठोक सांगणार नाही. कारण ट्रायल ट्यूबलाइटखाली झाली. एरवी मी पेशंटला चष्मा लावून बाहेर पायरीवर उभं करतो, खाली उतरायला लावतो, समोरच्या पांढऱ्या गाडीकडे बघायला सांगतो. त्या दिवशी धो धो पाऊस होता. पण ही सबब झाली, ‘ऊन पडलं की या’ म्हणायला हवं होतं.

तर आता या. सोमवारी आम्ही बंद असतो, बाकी कुठल्याही दिवशी बारा ते तीनमध्ये, लख्ख ऊन असताना. फिकट पिवळी, अंबर, नारिंगी अशा तिन्ही काचा बाबांना बाहेर चालवून दाखवू. त्यांची रोजची टोपी घेऊन या. वरून येणारं ऊन टोपीने अडलं तर कदाचित एवढी गडद काच लागणारही नाही. बाजूने उजेड शिरत असेल तर साइड शील्ड लावून देऊ, त्याचे पैसे नाहीत.

कापलेली काच परत घेत नाही असं आमच्या बिलावर छापलंय. तुमच्यासाठी ते लागू नाही. बाबांना एकही काच पटली नाही तर ४,८०० रुपये तिथेच परत घेऊन जा, बिल सापडलं नाही तरी चालेल.